काबरी घरी राहिली

पाहुणा दिसला रे दिसला की गोरक्षनाथ म्हातारा त्याला शिशाची खाण दाखवायला निघालाच. गावामागच्या टेकडीवर खोल खोल खड्डे आहेत, गवतात तोंड लपवून बसलेले. कुण्या काळी तिथनं शिसं काढून बंदुकीच्या गोळ्या ओतायचे म्हणे. खरं-खोटं देव जाणे! पण म्हाताऱ्यानं जन्मभर तिथं शेळ्या राखलेल्या, त्यामुळं टेकडी बापाची असल्यासारखा तोरा.

त्या दिवशी सावेडीहून तिघं आले. म्हातारा काबरी शेळीला पुढं घालून निघाला, तर त्याच्या बायकोनं, दगडाबाईनं, दावं हिसकून घेतलं.

"अवो, शहरातली मान्सं हायेत. शेळीमागं काय जाता? हसतील न्हाई का!"

म्हातारा काहीतरी बोलणार होता. पण पाहुणे ऐकत होते, तसा काठी टेकत निघाला.

काबरीला खुंट्याला बांधून दगडाबाई वळली, तर उंबऱ्यात चहाचा कप लवंडलेला. म्हाताऱ्याच्या पायाशीच ठेवला होता तिनं. काल दारात आलेल्या सख्ख्या भावाला त्यानं "कोन हाय?" म्हणून विचारलं होतं. आणि लई दिवस झाले, काबरीवाचून तो टेकडीवर गेलाच नव्हता. डोळ्यांनी नव्हे, तिच्या गळ्यातल्या घुंगराच्या आवाजामागं चालत होता हा बाबा! काबरी खड्डे चुकवायची, तो काबरीमागं.

"आगं माझे बये, काय करून बसले मी!"

तिनं दावं सोडलं आणि शेळीबरोबर चढ चढायला लागली. हाक मारायचीही भीती, दचकून पाऊल पुढं टाकलं तर? वरून कुणाचाच आवाज येत नव्हता.

म्हातारा पठारावर गवतात उभा होता, काठी घट्ट धरून. पाहुणे कंटाळलेले.

"आजोबा, एवढा वेळ इथंच उभे आहोत. खाण कुठंय?"

"सांगतो की. दमानं घ्या," म्हातारा म्हणाला. त्याचं तोंड घामानं भिजलं होतं. पायापुढं दोन हातांवर, गवताआड, खड्डा होता.

घुंगरू वाजलं. म्हाताऱ्यानं हात पुढं करून काबरीची पाठ चाचपली. त्याच्या हाताला दगडाबाईचा हात लागला. चारचौघांत नवऱ्याचा हात तिनं उभ्या जन्मात धरला नव्हता. आता घट्ट धरला.

"कुनाला सांगू नगंस," तो पुटपुटला.

"आदी मागं सरा," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.