भगभगीत फोटोतली वाटी

वेळ अमावस्येला आमचं सगळं घर भालकीजवळच्या रानात जेवायला जमायचं. पुण्याचे, हैदराबादचे, झाडून सगळे. त्या वर्षी मी नोकरीच्या पैशातून घेतलेला डिजिटल कॅमेरा आणि त्याचा स्टँड घेऊन आले होते, आणि अख्खं घर एकाच लांबलचक फोटोत बसवणार अशी फुशारकी आधीच मारून ठेवली होती.

अडचण होती आई आणि काकूची. मागे एकदा याच रानात काकू चारचौघांत म्हणाली होती की आईची हुग्गी करपली. गव्हाची ही खीर म्हणजे आईचा जीव की प्राण. तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं बंद. घरातल्यांनी हौसेनं बाजू वाटून घेतल्या, त्यामुळे माघार घ्यायची दोघींचीही सोय उरली नाही. मला याचा फार त्रास व्हायचा. मी काकूच्या मांडीवर वाढलेली, आणि आता तिच्याकडे जायचं तर आईची नजर चुकवून जावं लागे.

“अक्का हाय त्या फोटोत मी बसत न्हाई,” काकू म्हणाली. अक्का म्हणजे माझी आई; तिचंही तेच.

मग मी सगळ्यांना गोल बसवलं. मध्ये कॅमेरा, आणि गोलाची दोन टोकं पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीच्या, म्हणजे खोपटाच्या, दाराशी. दाराच्या अलीकडे काकू, पलीकडे आई. “गोल उलगडला की तू या टोकाला, ती त्या टोकाला. मधी सगळं घर,” असं मी दोघींना वेगवेगळं सांगितलं. पटलं.

बाहेर लख्ख ऊन आणि कोपीत काळोख. एका फोटोत दोन्ही नीट येईना. म्हणून प्रत्येक जागेचे तीन फोटो काढले: एक काळपट, एक बेताचा, एक भगभगीत. मग कॅमेरा थोडा वळवायचा, पुन्हा तीन. कोपीच्या दारापासून निघून फिरत फिरत पुन्हा दारावरच आले. “हलू नका” म्हणून ओरडून घसा बसला. मोठे काका तर श्वास रोखून लालबुंद झाले.

नोकरीच्या गावी, हैदराबादला, परतल्यावर फोटो संगणकावर जोडायला बसले. गोल फोटो कुठंही कापून उलगडता येतो, हे त्या दोघींना थोडंच ठाऊक! मी तो दाराशी कापलाच नाही. समोरच्या बाजूला, मोठ्या काकांच्या बगलेत कापला. आई आणि काकू बरोबर मधोमध, शेजारी शेजारी. एकटीच फिदीफिदी हसले.

पण पहिला आणि शेवटचा फोटो जुळला तिथं, दारात, एक अर्धवट वाटी तरंगत होती. सुटे फोटो उघडले. काळपट आणि बेताच्या फोटोंत कोपीत नुसता अंधार. सुरुवातीच्या भगभगीत फोटोत मात्र आईचा हात कोपीच्या आत, आणि हातात हुग्गीनं भरलेली वाटी. शेवटच्या भगभगीत फोटोत तीच वाटी काकूच्या हातात, रिकामी. काकूचे फुगलेले गाल मला आधीही दिसले होते, पण मी त्यांना रुसवा समजले होते. कॅमेऱ्याची पाठ फिरली तेवढ्यात दोघींनी उरकून घेतलं होतं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

वाटी पुसायची सोडून मी दोन्ही ठेवल्या, भरलेली आणि रिकामी. फोटो चांगला लांबरुंद छापून घेतला आणि पुढच्या खेपेला गावाकडच्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत टांगला.

फोटो लई भारी आलाय असं ऐकून काकू बघायला आली. उंबऱ्याच्या आत पाय न ठेवता. आई आत स्वयंपाकात होती. काकूनं एका टोकापासून बघायला सुरुवात केली आणि मधोमध थांबली. मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

“लई लबाड हायस,” ती म्हणाली. आणि आतपर्यंत पोचेल अशा आवाजात, “काय बी म्हण, हुग्गी त्या दिशीबी करपलीच हुती!”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

“मग वाटी चाटूनपुसून कामून खाल्लीस गं?” आई ओरडली. “ये आत. आज करपली का, चाखून सांग.”