मनात दहापर्यंत

आजीची उभी हयात आयाच्या नोकरीत गेली, तीही घशात नळ्या घातलेल्या पेशंटच्या वॉर्डात. तिथे बोलणारं कुणी नाहीच. कुणाला पाणी हवं, कुणाची कूस बदलायची, कुणाला नुसतं शेजारी कुणीतरी हवं, हे ती पापणीवरून ओळखायची. मोठे डॉक्टरसुद्धा "मावशी, काय म्हणतायत हे?" असं तिलाच विचारायचे. निवृत्तीच्या दिवशी कौतुक झालं ते याच गुणाचं, आणि पुढे घात केला तोही यानेच.

नात ठकी तीन वर्षांची. हसते, पळते, कान शाबूत. तोंडातून मात्र एक शब्द नाही. लेक कामावर गेली की दिवसभर ठकी आजीपाशी. तिने फळीकडे नुसतं बघावं, की डबा खाली. भुवई चढली, की पाणी. राणीसरकारांनी मागायचं तरी कशाला?

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी दोघींचा खेळ तासभर पाहिला. "आजी, तुम्ही फार हुशार. तिने बोलायच्या आधीच सगळं ओळखता," त्या म्हणाल्या. "खेळ हाच ठेवा, कपड्यांचे चिमटे डब्यात टाकायचा. फक्त चिमटा लगेच देऊ नका. हातात धरा, 'दे' असं एकदाच म्हणून दाखवा आणि तिने म्हणायची वाट बघत मनात दहापर्यंत मोजा. महिनाभर करून बघा."

"एवढंच?" आजीला हसू आलं.

एवढंच काही जमेना. ठकी हात पुढे करी, आजी मोजू लागे. चारवर पोरीचा ओठ थरथरे आणि आजीची मूठ आपोआप उघडे. जित्याची खोड ती! वॉर्डात कुणाला ताटकळत ठेवणं म्हणजे पाप होतं. एकदा तिने डोळेच मिटून घेतले. दिसलंच नाही तर कळणार कसं? ठकी मांडीवर चढली, दोन बोटांनी तिची पापणी उचलली आणि आत डोकावली. लाल चिमटा हवा होता, हे इतकं स्वच्छ दिसलं की आजीने देऊन टाकला. सहा आकडे झाले होते. तिला स्वतःचाच इतका राग आला की रडूच फुटलं.

महिना संपला. लेक कामावरून आली, चप्पल काढताकाढता म्हणाली, "उद्या बाईंकडे जायचंय. बोलली का गं काही?"

"नाही."

"पण तू थांबतेस ना रोज, दहापर्यंत?"

"हो तर," आजी चटकन म्हणाली.

लेक तिथेच उंबऱ्यावर बसली. "थांबूनही नाही. म्हणजे हिच्यातच काहीतरी कमी आहे, आई." तिने ठकीला छातीशी ओढलं आणि रडायला लागली.

आजीने बोलायला तोंड उघडलं. चिमट्यांच्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. लेकीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. विचारलं काही नाही. ती थांबली.

"सहा," शेवटी आजी म्हणाली. "सहाच्या पुढे मी कधी गेलेच नाही गं."