बाईंच्या वाटणीचं सोनं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, याचा मला विचार करावा लागत नाही. सिहोऱ्याच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचे. बाबांचं बसस्टँडसमोर सायकल-पंक्चरचं दुकान, आणि आमच्या घरात कॉलेजचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. बाई जबलपूरहून, अधारतालमधून, रोज बसनं यायच्या. बारावीच्या निकालानंतर त्या बसमधून उतरल्या त्या थेट दुकानात आल्या, स्टुलावर बसून माझा कॉलेजचा फॉर्म भरला आणि बाबांपुढे धरला, "भैया, सही करा इथं." सहीशेजारी बाबांच्या ग्रीसनं माखलेल्या अंगठ्याचा काळा ठसाही उमटला.

तेव्हापासून दर दसऱ्याला मी अधारतालला त्यांच्याकडे सोनं द्यायला जातो. आमच्याकडे हिंदी शेजारी दसऱ्याला विडा खाऊ घालतात आणि आम्ही त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवतो. कोणाला त्यात नवल वाटत नाही. जगात कुठंच कोणाला वाटणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

पुढे नोकरीतून वर्षभराची रजा काढून मी मलावीतल्या एका डोंगराळ गावात स्वयंसेवक म्हणून गणित शिकवायला निघालो. निरोप घ्यायला बाईंकडे गेलो तेव्हा म्हणालो, "बाई, यंदाचा दसरा चुकणार."

"मग रडून काहून राहिला? असं कर. त्या गावात सगळ्यात म्हातारं माणूस कोण ते बघ, अन् माझ्या वाटणीचं सोनं त्याला दे. काय म्हणालं ते मला लिहून पाठव. दसऱ्याच्याच दिवशी दे पण. शिळं सोनं मी घेत नाही."

दसरा जवळ आला तसा मी आपटा शोधायला लागलो. तिथे ऑक्टोबर म्हणजे कडक उन्हाळा. शाळेचे हेडमास्तर दर रविवारी मला हौसेनं डोंगरात फिरायला नेत. चार जणांच्या कवेत न मावणारं गोरखचिंचेचं झाड, कड्यावर पिल्लं पाठीवर घेऊन बसलेली बबून माकडं, खाली समुद्रासारखा पसरलेला तलाव असं सगळं ते दाखवत, आणि मी झाडांची पानं उलटून बघत असे. तिसऱ्या रविवारी एका उतारावर ते दिसलं. तेच जोडपान, उंटाच्या खुरासारखं, फक्त आपल्याकडच्यापेक्षा थोराड. मी त्या झाडाला चक्क मिठी मारली.

हेडमास्तरांनी काळजीनं विचारलं, "कधीपासून होतंय?"

"फार दिवसांपासून," मी म्हणालो. मला वाटलं, ते घरच्या आठवणीबद्दल विचारत आहेत.

परतीच्या वाटेवर ते दर पाच मिनिटांनी थांबून "जरा झुडपामागे जाऊन येता का?" म्हणत होते. तिथल्या लोकांच्या सौजन्याचं मला कौतुक वाटलं.

दसऱ्याला सकाळी इस्त्रीचा कुर्ता घालून मी पिशवीभर पानं घेऊन निघालो. बाईंची दोन पानं वेगळी खिशात ठेवली. शिक्षकांना, बाजारातल्या बायकांना, झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांना एकेक पान दिलं. मोठ्यांच्या पाया पडलो. वर इंग्रजीत सांगत होतो, "तुम्हाला चांगलं आरोग्य लाभो." लोक रिवाजाप्रमाणे हलकेच टाळ्या वाजवून दोन्ही हातांनी पान घेत होते, पण हसत कोणीच नव्हतं.

अकरा वाजेपर्यंत निम्मा वर्ग रिकामा झाला. आयाबाया येऊन मुलांना घेऊन जात होत्या. दुपारी आरोग्य खात्याचा माणूस सायकलवरून धापा टाकत आला आणि आल्याआल्या विहिरीत औषध टाकायला लागला.

हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं. "हे पान इथे कशासाठी देतात ठाऊक आहे? हगवणीवर, उकळून. तुम्ही शिकलेले, परदेशातून आलेले. लोकांना वाटलं, साथ येतेय आणि ते तुम्हाला आधीच कळलंय."

"नाही हो सर! हे सोनं आहे."

त्यांनी आरोग्यवाल्याकडे पाहिलं. त्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मी रामाची, रावणाची, सीमोल्लंघनाची सगळी गोष्ट सांगितली. दोघांनी शांतपणे ऐकली. शेवटी आरोग्यवाला म्हणाला, "ते राहू द्या. आपले गावप्रमुख घाबरून झोपलेत. तुम्ही त्यांच्या पायांना का हात लावलात? ते म्हणतात, पाय गार पडलेत का ते बघत होता."

संध्याकाळपर्यंत मी दिसलो की लोक दारं लावून घ्यायला लागले. माझ्या खिशात बाईंची दोन पानं तशीच होती. गावातली सगळ्यात म्हातारी बाई टेकडीवर राहायची. हेडमास्तर म्हणाले, "तिथे जाऊ नका. ती भीतीनंच मरेल." त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण सूर्य तलावाकडे कलला होता, आणि बाईंनी आजवर माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट होती. मी टेकडी चढलो. आजींचं काही झालंच तर निदान साक्षीदार असावा, म्हणून हेडमास्तरही मागून आले.

त्याच रात्री मी बाईंना हे पत्र लिहिलं.

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

तुमचं सोनं दसऱ्यालाच पोचलं. सूर्य मावळायला थोडाच अवकाश होता. आजी अंगणात बसल्या होत्या. मी पानं दिली आणि पायांना हात न लावता लांबूनच वाकलो. त्यांनी पानं उजेडाकडे धरून पाहिली आणि विचारलं, "दोन दिवसांपासून माझं पोट बिघडलंय. याला कोणी सांगितलं?" हेडमास्तरांनी माझं उत्तर त्यांना समजावलं, की जबलपूरला माझ्या शिक्षिका आहेत, त्यांनी पाठवलंय. मग आजी खूप हसल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबून तिला कळलं, आणि माझ्या सुनेला इथं चुलीपाशी बसून कळत नाही!"

बाई, तुमचं सोनं त्या माझ्यासमोर उकळून प्यायल्या. मला थांबवता आलं नाही. आता त्यांना बरं वाटतंय.

उद्या शाळा भरेल. आजींनी टेकडीवरून ओरडून गावाला सांगितलं, "साथबिथ काही नाही, हे औषध फक्त माझ्यासाठी आलं होतं." हेडमास्तरांनी मात्र पुढच्या कुठल्याही सणाची त्यांना आठ दिवस आधी लेखी सूचना द्यायला सांगितली आहे. दिवाळीची मी आजच दिली.

आजींनी तुमच्यासाठी तसल्याच झाडाची दोन पानं दिली आहेत, ती सोबत आहेत. पाकिटावर आत काय आहे ते लिहावं लागतं. मी 'सोनं' लिहिलेलं नाही, 'वाळलेली पानं' लिहिलं आहे. पोचेपर्यंत शिळी होतील, पण या खेपेला घ्या. तुमचं पोट कसं आहे ते कळवायला आजींनी सांगितलं आहे.

तुमचा विद्यार्थी