राजारामपुरीतली बिनपाटीची खोली

मलकापूर स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली आणि आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अचानक दुकानाचा पुळका आला. "रविवारचं गिऱ्हाईक जातंय की," म्हणाले. आठवडाभर किराणा मी एकटीनं विकला होता. "कुलूप घालून आले. चढा," म्हटलं आणि मुद्दाम त्यांच्या मागून चढले.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत रविवारी सकाळी दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं जमतात, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. औषध नाही, फी नाही, एकमेकांशी बोलायचं. मालक मोठ्या मुश्किलीनं कबूल झाले होते, तेही अट घालून. "एकदा येतो. परत विषय काढायचा न्हाई." म्हणजे माझ्या हातात हा एकच रविवार होता. तो मी वाया जाऊ देणार नव्हते.

बांबवड्याला गाडी थांबली तसे ते उठले. "पाणी पिऊन येतो." मीही उठले.

"तुला बी तहान लागली?"

"लय."

दोघंही पाणीच प्यायलो. पुढं वाघबीळला पन्हाळ्याची मंडळी उतरली, गाडी मोकळी झाली, आणि खाली दूरवर ऊस दिसायला लागला. मालक दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. हात थरथरत होते आणि ते मला दिसू नयेत अशी त्यांची धडपड होती. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

कोल्हापुरात उतरल्यावर आधी मिसळ खाल्ली. कट (मिसळीवरचा तिखट रस्सा) इतका जहाल की दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. ते तिखटाचंच होतं असं आम्ही ठरवून टाकलं.

रिक्षावाल्याला मी अगदी हळू आवाजात विचारलं. "दारू सोडवायची व्हय? बसा की पावणं (पाहुणे)," तो सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाला आणि आम्हाला थेट एका वैद्याच्या दुकानात घेऊन गेला. वैद्यानं माझ्यापुढं पुडी सरकवली. "मालकांच्या भाजीत घाला रोज. त्यास्नी पत्ता लागायचा न्हाई."

मालक माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले होते.

"अहो, हेच ते," मी म्हटलं. वैद्यानं पुडी मागं घेतली. मालक कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसले.

रिक्षावाल्याला वाईट वाटलं असावं, कारण राजारामपुरीत आल्यावर तो आम्हाला सोडून जाईना. खोलीला पाटी नाही, गल्ली नक्की ठाऊक नाही. कोल्हापूरकराकडं अशा वेळी एकच उपाय असतो. त्यानं रिक्षातूनच रस्त्यापलीकडच्या शिंप्याला हाळी दिली, "मामा, ती दारू सोडणाऱ्यांची मिटिंग कुठल्या गल्लीत भरतीया?"

शिंप्याचं मशीन थांबलं. दवाखान्यापुढची माणसं वळली. मालक खाली उतरले आणि आल्या वाटेनं चालायला लागले. "चल माघारी. लाज काढलीस माझी."

मी पुढं होऊन वाट अडवली. "गटारात पडला होतात तेव्हा सगळं मलकापूर बघत होतं. तेव्हा उचलायला मी आले होते. आज पायांवर उभे आहात, तर चार परक्या माणसांची लाज वाटते?"

मी वाटेतून हलेना. तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेले एक गृहस्थ जवळ आले. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट. "माझ्यासंगट चला पावणं. मी बी तिथलाच," म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता पुढं चालू लागले. मालक त्यांच्या मागं गेले.

खोली एका शाळेच्या मागं होती. दाराशी त्या गृहस्थांनी मला थांबवलं. "वहिनी, आज आत फकस्त पिणारे. तुम्ही कट्ट्यावर बसा."

मी मालकांची बाही धरून होते. "आणि हे निघून गेले तर?"

"दार उघडंच असतंय. जाणार असले तर जातील."

बाही सोडायला फार जड गेलं. मग त्या गृहस्थांनी मला मालकांचं नाव विचारलं. सवयीनं मी पदर सावरला आणि म्हटलं, "आमच्यात बायका नाव घेत नाहीत."

"असू दे की. आमच्यात बी आडनाव कुणी इचारत न्हाई," ते म्हणाले आणि दोघं आत गेले.

आतलं नीट ऐकू येत नव्हतं. अधूनमधून कुणी हसे. मी दारावरची नजर काढली नाही. शेवटी ओळखीचा आवाज आला, जरा कापरा. "मी महादेव. मी दारुडा हाय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. कट्ट्यावर बसून एकदा तोंडातल्या तोंडात घेऊन बघितलं. मग मात्र रडू आवरेना.

परतीच्या गाडीत ते झोपले. कोल्हापूर मी याआधी देवीसाठी आणि बाजारासाठी पाहिलं होतं. या खेपेला वाटलं, या गावाला हळू बोलता येत नाही तेच बरं. हळू बोलून बोलून आमच्या घरात दारू मुरली होती.

मलकापूरला दिवस मावळायच्या आत उतरलो. स्टँडवर बापू उभा होता, मालकांचा रोजचा जोडीदार. त्यानं मालकांच्या खांद्यावर हात टाकला. "कुठं गेलतास दिवसभर? चल की."

माझा हात बाहीकडं गेला, पण मी तो मागं घेतला.

"मिटिंगला गेलतो. दारू सोडायच्या," मालक म्हणाले, चांगलं मोठ्यानं. "रविवारी परत जायचं हाय."

बापू हसला. मग त्याचं हसू विरलं. खांद्यावरचा हात त्यानं खाली घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच मला विचारलं, "वहिनी, गाडी किती वाजता असती?"