सोमवारचा फोन

संस्थेत तिला सगळे फोनताई म्हणत. मारझोडीला कंटाळून घर सोडू पाहणाऱ्या बायकांचे फोन घेणं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं तीच खुर्ची आणि पाठीला तीच उशी. नवरा म्हणायचा, "जगाचं सगळं ऐकतेस, माझं तेवढं ऐकू येत नाही तुला." ती म्हणायची, "मग तुम्हीही फोन करा की!"

निवाऱ्याचा पत्ता बाई घराबाहेर पडल्यावरच सांगायचा, आधी नाही, असा संस्थेचा नियम होता. भिंतीला कान असतात. नवऱ्यांना तर असतातच. फोन करणाऱ्याचा नंबरही तिथे दिसत नसे. बायकांना धाक वाटू नये म्हणून मुद्दामच तसं केलेलं. आणि समोरून कोणी बोललं नाही तरी फोन ठेवायचा नाही. गप्प फोनच खरा, असं फोनताई म्हणायची.

एक बाई चार महिने फोन करून नुसती गप्प राहायची. फोनताई तिला आपल्या गुडघ्यांचं रडगाणं ऐकवायची. मग एका गुरुवारी ती पहिल्यांदा बोलली. "सोमवारी निघते. स्टँडवरून फोन करते." फोनताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

रविवारी संस्थेच्या अध्यक्ष मॅडम, म्हणजे मोठ्या नटी, मुलाखतीत बोलून गेल्या, "काही बायकांना मार खायची सवयच लागलेली असते." उचलली जीभ लावली टाळ्याला! लोक खवळले, आणि खवळायलाच हवं होतं. पण मॅडमचा नंबर कोणाकडे असणार? संस्थेचा मात्र जिथे तिथे छापलेला. वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

सोमवारी उजाडल्यापासून शिव्यांचा भडिमार.

"दादा, लाइन मोकळी ठेवा हो," फोनताई काकुळतीला आली. "एका बाईचा फोन यायचाय."

"तिलाही मार खायची सवय लागलीय का?"

मग टवाळांना नवी खोडी सुचली. आधी गप्प बसायचं आणि ती "बोला, घाई नाही" म्हणाली की कानात शिट्टी फुंकायची. असं अकरा वेळा झालं. बाराव्यांदा समोर शांतता आली, तेव्हा फोनताईने एकोणीस वर्षांत पहिल्यांदा फोन आपटला.

ठेवता ठेवता मागून बसगाडीची घोषणा ऐकू आली. तिने झडप घालून रिसीव्हर पुन्हा उचलला, पण लाइन तुटली होती.

शोधायचं तरी कोणाला? नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, कुठलं स्टँड तेही नाही. दिवे लागेपर्यंत तिने प्रत्येक फोन उचलला, प्रत्येक शिवी शेवटपर्यंत ऐकली. त्या बाईचा फोन पुन्हा आला नाही.

मॅडमनी हात जोडून माफी मागितली. पंधरवड्यात लोक विसरलेही. फोन पूर्वीसारखे येऊ लागले, ती बाई सोडून सगळ्यांचे.

"ताई, तुमचा काय दोष?" संस्थेच्या वकीलबाई म्हणाल्या. "तिने एक शब्द तरी बोलायला हवा होता."

"बोलली नाहीस तरी ठेवणार नाही," फोनताई म्हणाली, "असं मीच सांगितलं होतं तिला. चार महिने."