तुटका दात

चित्रं काढून दुःख जात असतं, तर आमच्या घरात ते टिकायलाच नको होतं. नवरा हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर. लातूरच्या समुपदेशक ताईंना पहिल्याच दिवशी हे मी तोंडावर म्हणाले. त्या हसल्या नाहीत. कागद, पेन्सिल आणि रंगीत खडूंचा डबा पुढं सरकवून म्हणाल्या, "इथं चांगलं-वाईट काही नसतं. मनात येईल ते काढा."

मला तिथं नेलं माझ्या भावानं, कारण उदगीरात माझा लई गवगवा झाला होता. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते साल. आमच्या गल्लीत टँकर आला की बाया घागरीवरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, आणि मी भरलेलं पिंप अंगणात पालथं करायची. हिचं डोस्कं फिरलंय, म्हणायच्या. फिरणारच. साठवलेल्या पाण्यात डास झाले, डेंग्यू झाला आणि बारावीतली माझी पोर आठवड्याच्या आत गेली. मातीला आलेल्या बायांतल्या एकीनं तिथंच विचारलं होतं, "पिंप झाकत नव्हतीस का गं?" परकीचं सोडा. तेरावं झाल्यावर नवऱ्यानंही तेच विचारलं. झाकत होते हो. रोज झाकत होते.

त्यात पोरीचा चेहराच मला आठवेनासा झाला. डोळे मिटले की दवाखान्यातलं सुजलेलं तोंड यायचं. ताईंकडं आधी नुसतं काळं गिरबटलं. मग एका खेपेला पेन्सिल घेतली आणि हात आपोआप तिच्या हसण्याकडं गेला. लहानपणी हापशावर पडून तिचा पुढचा एक दात अर्धा तुटला होता. हसली की आधी तोच दिसायचा. माझ्या चित्रात नाक कुठल्या कुठं गेलं, एक डोळा बटाट्याएवढा झाला, पण तो दात असा उतरला की मी कागदाशी बोलायला लागले. बसमध्ये डोळे मिटले तर ती हसत समोर. घरी येऊन पोटभर जेवले.

कागद मी भिंतीला लावला. मास्तरांना तेव्हा वेळ नव्हता. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मोर्चा निघणार होता आणि ते फलकांवर नव्या जिल्ह्याचा नकाशा काढत बसले होते. आल्यागेल्याला सांगायचे, "ही हद्द मी डोळे मिटून काढतो." प्यायला पाणी न्हाई, पण जिल्हा पायजे.

एका सकाळी दळण घेऊन आले, तर माझा कागद त्यांच्या फळीवर. शेजारी बारावीच्या फॉर्मसाठी काढलेला पोरीचा फोटो. त्यावर बारीक चौकटी आखलेल्या, तशाच मोठ्या चौकटी माझ्या कागदावर, आणि चौकटीमागं चौकट भरत पोर उतरवलेली. नाक सरळ, डोळे सारखे. तोंड मिटलेलं, कारण फोटो काढताना ह्यांनीच तिला तोंड मिट म्हणून दटावलं होतं. माझी हसणारी पोर रबराच्या चुऱ्यात फळीखाली पडली होती.

"बघ, आता कशी दिसायली," ते म्हणाले. "तुझ्यात प्रमाणच नव्हतं."

मी डोळे मिटून बघितलं. मिटल्या तोंडाची, फॉर्मवरची पोर आली. हसरी येईना. त्या घडीला हा माणूस मेला असता तरी मला चाललं असतं.

फोटो उचलून मी पदरात बांधला आणि कोरा कागद त्यांच्यापुढं टाकला. "काढा."

"काय?"

"पोरगी. जिल्हा डोळे मिटून काढता ना? पोरगी डोळे उघडून काढा. हसताना."

"फोटो दे की."

"न्हाई."

शाळेत शिकवतात तसा त्यांनी लंबगोल काढला, मधून रेघ मारली. डोळे काढले, खोडले, पुन्हा काढले. मी समोर ज्वारी निवडत बसले. ओठ उघडे काढले आणि पेन्सिल थांबली. मान वर न करता त्यांनी विचारलं, "दात कोणता गं? डावा का उजवा?"

मला तेव्हा ठाऊक होतं. मी निवडत राहिले.

"सांग की गं."

"पिंप झाकलं न्हवतं हे बरं तुम्हाला ठाऊक. दात ठाऊक न्हाई?"

ते फळीवर डोकं ठेवून रडले. मी ज्वारी पाखडून डब्यात भरली. पुढच्या खेपेला ताईंनी विचारलं, कसं वाटतंय? बरं वाटतंय, म्हणाले. खरंच वाटत होतं. मग मी तिथं जाणं सोडलं.

जिल्हा काही झाला नाही. फलक माळ्यावर पडलेत. मास्तर अधूनमधून विचारायचे, कोणता दात? मी म्हणायची, आठवा. परवा पुन्हा विचारलं. आता त्यांचे हात कापतात, कशाला छळायचं म्हणून सांगायला तोंड उघडलं, आणि डावा का उजवा, मलाच आठवेना.