कलमाखालची फूट

२००८ साली आयर्लंडमधल्या स्लायगोच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला मी द्राक्षाचा कलमी वेल लावला. दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी मी, एक वेल जगवता येऊ नये? दोन वर्षांत त्यानं भिंत धरली.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबर लागताच बाबांनी फोनवर लकडा लावला, "छाटणी झाली का?"

"बाबा, इथे थंडी सरेपर्यंत थांबतात. मार्चमध्ये छाटतात."

"त्यांना काय कळतं द्राक्षातलं?"

शेवटी नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी प्रत्येक काडी दोन डोळ्यांवर, म्हणजे दोन अंकुरांवर, आणली. थंडीनं काही जळलंच तर राखीव अशी एकही लांब काडी ठेवली नाही.

पंधरा दिवसांत बर्फ पडला आणि नाताळपर्यंत हललाच नाही. नळ गोठले. हॉस्पिटलात घसरून मनगट मोडलेल्यांची रीघ लागली. वेलाकडे बघायला सवड कुणाला होती!

एप्रिल संपला तरी एक डोळा फुगेना. नखानं साल खरवडली, तर हिरवं दिसायला हवं तिथे तपकिरी. खोडापर्यंत तेच. मी फोनवर बाबांवर ओरडले.

"इतकी थंडी पडते हे तू सांगितलंच नाही," ते म्हणाले.

तीनदा सांगितलं होतं.

मेअखेरीस ते राहायला आले. त्याच आठवड्यात बुडाशी एक फूट दिसली. शेजारच्या आयरिश आजी कुंपणावरून म्हणाल्या, "इट्ल बी ग्रँड!" म्हणजे, होईल सगळं झकास. मीही दोन दिवस खुशीत होते. मग बाबा गुडघ्यांवर बसले, बोटांनी माती बाजूला केली.

"ही कलमाच्या खालून आलीय. जंगली खुंटाची. हिला खायजोगं द्राक्ष लागायचं नाही." मी काही बोलायच्या आत त्यांनी ती मोडली.

"विचारायचं तरी!"

"विचारून काय झालं असतं?"

"हिरवी पानं तरी आली असती!"

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आले तर त्यांनी मूळ खणून काढलं होतं, खड्डाही बुजवला होता. "पुढच्या वेळी तू म्हणशील तेव्हा छाटू," एवढंच म्हणाले. मला 'चुकलं माझं' ऐकायचं होतं.

पुढची वेळ आलीच नाही. वर्षभरात माझी बदली डब्लिनला झाली, ओंगार या उपनगरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या, अंगण नसलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. बाबांवरचा राग कधीच गेला. स्वतःवरचा जात नाही. मला माहीत होतं, तरी कात्री मीच चालवली.